सुरईवरची रेघ

प्रिय चिमणे,

आईची काचेची सुरई स्वच्छ झाली. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा फाडलंय. काच ओली असली की आरपार दिसते आणि कोरडी झाली की दुधाळपणा पुन्हा हजर. तीनदा घरभर नाचले, तीनदा तोंडावर आपटले. तुझे भाऊजी रोज चहाच्या वेळी सुरईची, म्हणजे माझ्या पेशंटची, तब्येत विचारायला लागले होते.

दुकानात लोकांची जुनी काच मी रोज उजळवते, पण हिला हात लावायचा धीर होत नव्हता. तू नऊ वर्षांची होतीस, गरम पाण्याने ती धुतलीस, वाळल्यावर ती दुधाळ दिसली आणि आजीची एकुलती एक वस्तू घालवलीस म्हणून आईने तुला फैलावर घेतलं. तेव्हापासून तू कुणाकडेही काचेच्या भांड्याला हात लावत नाहीस. तुझ्या स्वतःच्या घरातसुद्धा सगळे पेले स्टीलचे.

या वेळी कोमट पाणी, व्हिनेगर आणि मूठभर कच्चे तांदूळ आत घालून आठवडाभर हलवत राहिले. खांदे भरून आले. मग धुऊन दोन दिवस पालथी ठेवली आणि तिकडे फिरकायचंच नाही असं ठरवलं. आज सकाळी खिडकीत धरली, तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाची बटणं मोजता आली. सहा होती. मी जिंकले गं. आई त्यातलं पाणी दोन पेले प्यायली, तहान नसताना.

आता खरं सांगते. तो दुधाळपणा फक्त आतून होता आणि गळ्याखाली दोन बोटांवर सरळ रेघेत थांबला होता. धुण्याने अशी रेघ पडत नाही, साचलेल्या पाण्याने पडते. तू ती धुतलीस त्या सुट्टीत पाणी भरून, त्यात वेलाची फांदी लावून सुरई पडद्याआड मी ठेवली होती. शेवटी आईला कळेल म्हणून घाबरून रिकामी केली आणि तुझ्या धुवायच्या भांड्यांत सरकवली. तू बोलणी खात होतीस तेव्हा मी दाराआड गप्प उभी होते. गरम पाण्यानेच झालं असेल, असं सत्तावीस वर्षं स्वतःला बजावत आले. आज आईला सगळं सांगितलं. आता ती मला सुरई विसळूही देत नाही. तू येऊन धुवायचीस म्हणते, आणि गरम पाण्याने धुतलीस तरी चालेल.

तुझीच,
उशिरा तोंड उघडलेली ताई