डोळ्यातली वाळू

जैदचे अब्बा,

झोपेत हसत होतात, म्हणून उठवलं नाही. मी ड्युटीला जातेय. डाळभात फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

चार वाजता तुमचा एमआरआय आहे. दंडावरचा ताईत, घड्याळ, पट्टा घरीच काढून ठेवा. ते मशीन म्हणजे मोठं लोहचुंबकच. आत खूप ठकठक होते, पण हलायचं नाही. डोळे मिटून बाणकोटच्या खाडीतली आपली होडी आठवा. ओहोटीला चिखलात टेकून ती भरतीची वाट बघत कशी पडून राहते, तसे पडून राहा.

फॉर्मवर तुम्ही सगळीकडे ‘नाही’ लिहिलंय. ‘डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?’ तिथे मी खोडून ‘हो’ केलंय. ते आधी डोळ्याचा एक्स-रे काढतील, काढू द्या. आत कण राहिला असेल आणि तो हलला, तर डोळा जाईल.

त्या वर्षी वर्कशॉपमधून लाल डोळा घेऊन आलात आणि वाळू गेली म्हणालात. सकाळी उशीच्या अभ्र्यावर गंजाचा डाग होता. तुम्हाला नोकरी जायची भीती होती, म्हणून मी वाळूच मानली.

चुंबक मानणार नाही.

सुमैया