डावीकडे वळलेल्या गाठी

लिंकनशायर,
१० मार्च १९५७

प्रिय लायोनेल,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. दचक. आपलं विमान अर्धवट टाकून तू कॅनडाला निघून गेलास, तेव्हापासून तुझ्याबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकत होती.

ते एका माणसाचं चिमुकलं विमान अजून कोठारातच आहे. इंजिनावर कोंबड्या बसतात. या हिवाळ्यात सिरिलने पुन्हा मनावर घेतलंय. "लायोनेलचं गणित कुठेतरी चुकलं गं, विमान वाईट नाही," म्हणतो. आठवतं ना, चाचणीत हातभर उचललं की ते डावीकडे कलंडायचं?

पंखांचं कापड मी शिवलं होतं. मंगळवारी डाव्या पंखाचं कुजलेलं कापड उसवायला घेतलं, तर टोकाशी सात टाके माझे नव्हते. माझी गाठ उजवीकडे वळते, या डावीकडे वळलेल्या. आपल्यात डावखुरा तू एकटा. आत शिशाचा तुकडा बांधलेला होता, चांगला चार पौंडांचा.

माझा नवरा सिरिल ज्यात बसायचा त्या विमानात तू शिसं घातलंस? आधी वाटलं, तुला एखाद्या विमान कारखान्याने फितवलं. मग वाटलं, तुझा माझ्यावर डोळा होता. हसू नकोस, गावच्या नाचात तू मला तीनदा नाचायला बोलावलं होतंस. तीन दिवस मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

शुक्रवारी सिरिलने चहा कपाऐवजी मेजावर ओतला आणि म्हणाला, "ही किटली गळते." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वैमानिकांच्या डोळेतपासणीचा तक्ता मीच त्याच्याकडून घोकून घेतला होता, ओळ न ओळ. वाटायचं, त्याच्या अधू नजरेचा कुणाला पत्ता नाही. तुला होता. हातभर उंचीवरून पडलेलं परवडलं, हजार फुटांवरून नको, असंच ना? तोंडाने सांगितलं असतंस तर त्याने ऐकलं नसतं, आणि मी तुला दारात उभं केलं नसतं. तरी मला राग आहेच. निदान जाताना तरी बोलायचंस.

शिसं मी परत जागच्या जागी बांधलंय. सुई डाव्या हातात धरून टाके घातले, सातातले दोन बरे जमले. सिरिल तुला लवकरच पत्र पाठवील, गणित कुठे चुकलं ते विचारायला. त्याला कळव की विमान मुळातच वाकडं होतं, दुरुस्त होण्यातलं नाही, आणि चूक तुझी होती. आठ वर्षं गावाने तुला नावं ठेवली, मीही ठेवली, आणि आता पुन्हा दोष तुझ्याच गळ्यात घालतेय. मला लाज वाटते. फक्त अक्षर खूप मोठं काढ. तुझं पत्र त्याला स्वतःला वाचता येऊ दे.

तुझी संशयी मैत्रीण,
मुरिएल