कमलेशच्या गाडीचा टर्बो

६ जून २०२५
ठाकुर्लीच्या कमलेशची गाडी टो करून गॅरेजवर आणली. टर्बो गेला, इंजिनात हवा कोंबणारा पंखाच बसला! शिट्टीसारखा आवाज, मागून निळा धूर. गेल्याच महिन्यात मी हात लावलेली गाडी. "टाकीत काय टाकलेलंस रे?" तर म्हणतो, "महिपतशेठचं बायोडिझेल." झालं! न खोलताच निकाल दिला — बायोडिझेलनेच टर्बो खाल्ला.

९ जून
कमलेशचा टर्बो बदलून जुना दारात टाकला. माझा निकाल कानावर गेला तसा महिपत कल्याणहून तडक वागळे इस्टेटला, माझ्या गॅरेजवर आला. आयटीआयपासूनचा माझा दोस्त. फरसाणवाल्यांकडचं तळून उरलेलं तेल गोळा करून शेडमध्ये बायोडिझेल बनवतो. सात वर्षं दुसरा ध्यास नाही. म्हणाला, "कच्चं राहिलं तर नुकसान करतं, मान्य. इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, मग टर्बोची बेअरिंग जाते. पण माझं कच्चं नसतं, सुदेश. ऑइल तपासलंस का तू?"
नव्हतं तपासलं. तरी म्हटलं, "वीस वर्षं हेच करतोय मी."
चहा न घेताच निघाला.

२ जुलै
कमलेशने गावभर केलं. महिपतची गिऱ्हाइकं तुटली. वाईट वाटतंय. पण मी काय करणार!

१९ जुलै
भंगारवाला येणार म्हणून तो जुना टर्बो सहज खोलला. ऑइल आत येण्याच्या भोकात लाल सिलिकॉनचा गोळा! मे महिन्यात ऑइलचा गळका पाइप नीट करताना गळती थांबवायला मीच भसाभसा लावलेलं. ऑइल पोचलंच नाही, टर्बो कोरडा फिरून मेला. महिपतच्या डिझेलचा काडीचा संबंध नाही. मी हे काय करून बसलो!

२० जुलै
फोन हातात घेतला. ठेवला.

२८ जुलै
आजही नाही. लोकांना कळलं तर गॅरेजचं नाव जाईल. — आणि त्याचं गेलं ते?

११ ऑगस्ट
महिपतने टाक्या विकल्या. शेड रिकामी. त्याच्या बायकोचा, ऐश्वर्यावहिनींचा फोन — "भावोजी, दोन दिवस जेवले नाहीयेत हो. तुम्ही समजवा ना." मी नुसतं हं हं केलं. मग गाडीखाली पडून रडलो.

१३ ऑगस्ट
कल्याणला जाऊन सगळं सांगून टाकलं. महिपत म्हणाला, "त्या दिवशी निघताना तुझ्या दारातला टर्बो उचलून बघितलेला मी. भोकात सिलिकॉन दिसलेलं."
"मग बोलला का नाहीस?"
"वाटलं, आज ना उद्या तू सांगशील."