कपाळाला लावलेलं पाणी

शुक्रवार, संध्याकाळ. मस्कत

अंघोळ झाली तरी कपाळ खारट लागतंय, की मलाच तसं वाटतंय?

आज लेकीला घेऊन प्रवाळ बघायला गेले. मागे उघडे डोंगर, पुढे निळं पाणी, मधे बोट सुटते ते रिसॉर्ट. बोटीत डायव्हिंगच्या सरांनी पाण्याखाली करायच्या खुणा शिकवल्या: ठीक आहे, वर चल, काहीतरी अडचण आहे. उतरताना माझी बोटं आपोआप पाण्यात बुडली आणि कपाळाला लागली. इथे आल्यापासून असं कधीच केलं नव्हतं. गावी आई ओहोटीला कालवं काढायला जायची, तेव्हा आधी पाणी कपाळाला, मगच पाऊल आत. हातात कोयती, मागे मी.

"मम्मा, ही कुठली साइन? सरांनी नाही दाखवली."

"आत जायच्या आधीची," एवढंच सुचलं मला.

खाली केवढे रंग होते. आईने जन्मभर समुद्र पाहिला, पण फक्त वरून.

दुसऱ्यांदा उतरताना लेकीने न सांगता कपाळाला पाणी लावलं, अगदी गंभीरपणे. तिला अर्थ सांगायला हवा होता का? पण मला तरी आईने कुठे सांगितला होता? मीही तिच्या मागे उभं राहून नुसतं बघितलं होतं.