डाव्या पायाची चूक

हमरापूर, ता. पेण
१० नोव्हेंबर २०२४

ती. हरेशमामास,
मनस्वीचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तू म्हणालास तसंच झालं. पुण्याच्या अ‍ॅनिमेशनच्या संस्थेची यादी आली. जानेवारी संपायच्या आत वीस चित्रं द्यायची आहेत. त्यात समोर बघून काढलेली माणसं हवीत, हातांची चित्रं हवीत, आणि एक माणूस चालताना बारा चित्रांत दाखवायचा आहे. त्यातून निवडलं तर एप्रिलमध्ये मुलाखत.

फोनवर फोटो पाठवले तर बघणार नाही, कागद हातात आल्याशिवाय चित्र कळत नाही, असं तू बजावलंस, म्हणून हे पाकीट. सहा माणसं काढली आहेत. आता हसू नकोस. सगळ्यांचे डोळे गणपतीचे झालेत. दहावीपासून कारखान्यात आईशेजारी बसून डोळ्यांची आखणी करते, हाताला दुसरा डोळा माहीतच नाही. बाबांचं चित्र बघून आई म्हणाली, सोंड तेवढी राहिली गो.

कारखान्यात पुढच्या वर्षाच्या मूर्ती सुरू झाल्या. बाबा म्हणतात, पुण्याला जायचं तर जा, पण आधी निवड होऊ दे. आई मात्र माझ्या वाट्याच्या मूर्ती स्वतःकडे ओढून घेते.

लाल पेन्सिल हलक्या हाताने चालव. घरात सगळे तुझी आठवण काढतात.

तुझी,
मनस्वी


रोहा
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मनस्वीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट पोचलं. तुझ्या बाबांना, आमच्या कान्हूला, एवढ्यात देव करू नकोस, त्याला अजून बरंच सोसायचं आहे.

रेघ चांगली आहे. ती शांतीकडून आलेली, माझ्याकडून नव्हे. माझी बहीण शाळेत माझ्यापेक्षा सरस काढायची. पण तू बघत नाहीस. तुला येतं ते तू काढतेस. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, हा रोग मला लांबून ओळखता येतो. उपाय एकच. एक माणूस धर आणि महिनाभर रोज त्यालाच काढ. शांतीलाच धर. ती दिवसभर तुझ्या डोळ्यांसमोर असते आणि नटून बसणार नाही. बसलेली काढ, भाकरी करताना काढ, मग चालताना काढ.

मामी गेल्यापासून या घरात टपालाची वाट बघायला मी एकटाच आहे, तेव्हा पाकिटं जाड पाठव. माया आहे, ती असू द्यावी.

तुझा,
मामा


हमरापूर
१५ डिसेंबर २०२४

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तेवीस दिवस आईच काढते आहे. पहिला आठवडा ती लाजली, पदर सारखा करायची. आता तिला माझा विसर पडलाय. डोळे सुटले बघ गणपतीचे! आईचा उजवा डोळा डाव्यापेक्षा लहान आहे, हे मला अठरा वर्षांत माहीत नव्हतं.

सोबत चालण्याची बारा चित्रं आहेत. दुपारी ती कारखान्यातून अंगण ओलांडून घरात जेवायला जाते, तेवढंच चालणं. रोज पायरीवर बसून एकेक चित्र केलं. बाराही कागद एकावर एक ठेव आणि अंगठ्याखालून भराभर सोड. आई चालते, मामा! पहिल्यांदा ती चालली तेव्हा मी एकटीच हसत सुटले. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, हीच तर, अगदी अशीच जाते.

लवकर तपासून पाठव. लोभ कमी करू नये, लाल रेघा कराव्या.

मनस्वी


रोहा
२४ डिसेंबर २०२४

चि. मनस्वीस,
आशीर्वाद.

बसलेली चित्रं उत्तम, हातांची त्याहून. भाकरी थापणारे हात संस्थेला पहिल्या पानावर दे.

चालण्याची मालिका मात्र फसली आहे. सात ते दहा या चित्रांत डावा पाय बघ. माणूस पाऊल पुढे टाकतो तेव्हा पंजा वर उचलतो आणि टाच आधी टेकते. सुट्टीत रोह्याला यायचीस तेव्हा कुंडलिकेच्या काठावर जाणारी-येणारी माणसं दाखवून हे मी तुला शिकवलं होतं. तुझ्या चित्रात पंजा लोंबतो, बोटं जमिनीला घासतात, आणि ती उणीव झाकायला तू कंबर एका बाजूने वर उचलली आहेस. उजवा पाय नीट, डावा चुकीचा, हे कसं? हा निरीक्षणाचा आळस आहे. मुलाखत घेणारे पहिल्या नजरेत पकडतील.

बाराही कागद मी ठेवून घेतो. समोर असले की तू त्यांचीच नक्कल करशील. नव्याने काढ. बरोबर पावलाचं टिपण सोबत जोडलं आहे.

रागावलो असं समजू नये. दिवस थोडे राहिलेत म्हणून लिहितो.

मामा


हमरापूर
१२ जानेवारी २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. मला तसंच दिसलं होतं. पुन्हा पायरीवर बसले, तेव्हाही तसंच दिसलं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, तुझा मामा मास्तर हाय, तो सांगतो तसं काढ, माझ्या पायात काय बघतेस? मग तुझं टिपण समोर ठेवून बाराही चित्रं नव्याने केली. आता टाच आधी टेकते. पोर्टफोलिओ काल कुरियरने गेला.

आई मंगळवारी अंगणात पडली. कपाळाला खोक पडली. पेणच्या डॉक्टरांनी कंबरेची शीर दबली असेल असं सांगून गोळ्या दिल्या आहेत. ती म्हणते, तुला कळवू नको, उगाच धावत येशील. मी कळवते आहे, पण तू धावत येऊ नकोस.

वीसपैकी सोळा चित्रं आईची आहेत. निवड झाली तर तिचीच झाली म्हणायची.

मनस्वी


हमरापूर
२० एप्रिल २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मार्चमध्ये फोनवर बाबांनी तुला आजाराचं नाव सांगितलं, पण पुढचं त्यांना बोलता आलं नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आईच्या हातापायांत सुया घालून तपासलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्यात. डाव्या पायापासून सुरुवात झाली, आता उजव्या हाताची पकड सुटते आहे. औषध नाही. डॉक्टरांनी विचारलं, पाय घासायला कधीपासून लागला? बाबांना सांगता येईना. मी सांगितलं, डिसेंबरात तरी नक्की घासत होता.

मुलाखतीला गेले होते. आईनेच पाठवलं. तिघं जण होते. हातांची चित्रं त्यांनी बराच वेळ बघितली. मग एका मॅडमनी ती बारा चित्रं फडफडवली आणि म्हणाल्या, हे पुस्तकातलं चालणं आहे, ही बाई तू प्रत्यक्ष बघितली आहेस का? मी म्हटलं, माझी आई आहे. त्यांनी विचारलं, आई कशी चालते? मी उठले आणि त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आईसारखी चालून दाखवली. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, मग हे चित्रात का नाही?

काय सांगणार होते? मी चूक समजून खोडलं, एवढंच म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही.

काल यादी लागली. माझं नाव नाही. खालची प्रतीक्षायादीही बघितली.

पत्राची घाई करू नकोस.

मनस्वी


रोहा
२७ एप्रिल २०२५

चि. मनस्वीस,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

ते बारा कागद माझ्या कपाटात आहेत. तुझं पत्र आल्यावर काढून फडफडवले. माझी बहीण अंगणातून जाते आहे आणि तिच्या पायावर माझ्या लाल पेन्सिलीच्या चार फुल्या आहेत.

तुला एक सांगितलं पाहिजे. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती अंगणातून कारखान्याकडे गेली तेव्हा तिची डावी चप्पल पायातून निसटून मागेच राहिली, तिला कळलंही नाही. मी तिला धांदरट म्हणालो. निघताना पेणच्या बाजारातून मागे पट्टा असलेल्या चपला घेऊन दिल्या. बघितलं होतं मी, मनस्वी. बघून चपला घेतल्या.

डॉक्टर म्हणतात, महिना-दोन महिने आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता. ते खरं असेल. तुझ्या बाबतीत मात्र फरक पडला असता.

संस्थेला मी सगळं लिहून कळवतो, मूळ चित्रं पाठवतो. नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. तू म्हणशील तसं. मामा म्हणायची इच्छा उरली असेल तर उत्तर दे.

हरेश


हमरापूर
११ मे २०२५

हरेशदादास,
शांतीचा नमस्कार.

उजव्या हातात पेन राहत नाय, डाव्याने लिहिते हाय. अक्षराला हसू नको. पोरीला हे पत्र माहीत नाय.

तू जेवत नाय असं तुझ्या शेजारच्या उजमाताईने फोन करून सांगितलं. दादा, चूक तुझी एकट्याची नाय. माझा पाय गेल्या पावसाळ्यापासून घासत होता. मला ठाऊक होतं. दमले असेन म्हणून गप बसले. पोरीने पहिल्यांदा ते कागद सोडून दाखवले तेव्हा मी घाबरले, दुसऱ्यांदा बघितलंच नाय. माझी चाल मी कधी बघितली नव्हती. तुझं पत्र आलं, चूक हाय म्हणून, तेव्हा मला इतकं बरं वाटलं! मास्तर सांगतोय चूक हाय, म्हणजे चूकच असेल. मीच तिला म्हटलं, मामा सांगतो तसं काढ. तिने खरं बघितलं आन आपण दोघांनी तिला खोटं पाडलं.

आता तिला कळव, पुढच्या वर्षी फॉर्म भर म्हणून. माझं ऐकत नाय. मला कळतंय, मी हाय तोवर ती जायची नाय, आन मी नसले की तिला जावंसं वाटायचं नाय. तरी लिही. कोणी तरी लिहिलं पायजे.

जेवत जा. बहिणीवर जीव ठेव.

शांती


हमरापूर
२९ जून २०२५

ती. मामास,
मनस्वीचा सा. न. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

संस्थेला काही लिहू नकोस. पुढच्या वर्षाचंही बोलू नकोस. तू परत पाठवलेला त्या बारा कागदांचा गठ्ठा उघडलेला नाही. आईची आखणीची जागा आता माझी. मूर्ती रंगवून बाहेर जायला लागल्यात, ऑगस्टपर्यंत मान वर करता येणार नाही. आईला कारखान्यात माझ्यासमोर खुर्चीत बसवते. बुबुळ जरा वर गेलं तर ती भुवईने खुणावते. आता ती फार बोलत नाही, जीभ जड झाली आहे. मला तिचं चित्र काढावंसं वाटत नाही. एकदा प्रयत्न केला होता. पेन्सिल टेकवली की तिचं काय काय गेलं तेच दिसत राहतं, आणि मला ते दिसायला नको आहे.

तुझ्यावरचा राग गेला का, असं तू विचारलंस. थोडा आहे. असू दे. एवढ्यासाठी खोटं कशाला लिहू?

एक काम मात्र तुझ्याकडे आहे. आईला घास गिळायला वेळ लागतो. मऊ भात कालवून एकेक चमचा द्यावा लागतो, आणि तिने गिळला की नाही हे गळ्याकडे नीट बघून मगच पुढचा. घाई झाली तर ठसका लागतो, जीव घाबरा होतो. एका जेवणाला तास जातो. बाबांना ते बघवत नाही, चौथ्या चमच्याला ते उठून जातात. मी कारखाना सोडू शकत नाही. एका जागी तासभर बसून बघत राहील असं माणूस आमच्याकडे नाही.

रविवारच्या गाडीने ये. थोडे दिवस राहायच्या तयारीने ये. मी स्टेशनवर येते.

तुझी,
मनस्वी