मागच्या दाराने

मंगळवार, ३ नोव्हेंबर

आज पुन्हा खोटं बोलले.

नर्स आली होती. सप्टेंबरात तळघराच्या पायऱ्यांवरून पडले, तेव्हापासून दर मंगळवारी येते. खुबा तपासते, मला खिडकीपासून चुलीपर्यंत चालवते. मग फाइल उघडून म्हणाली, "कुणी येतं ना हो डोकावायला, मिस लम्ब?"

"येतात की. गल्लीपलीकडच्या मिसेस ॲक्रॉइड. रोज."

तिने कागदावर खूण केली. केवढीशी खूण! तिच्या जोरावर मी या घरात राहते आहे. कुणी येत नाही असं कळलं, तर क्लाइव्ह – माझ्या भावाचा मुलगा – मला हॅरोगेटच्या वृद्धाश्रमात ठेवणार. एक डिसेंबरला येऊन ठरवणार आहे. "बाग आहे तिथे, आत्या."

बाग.

बुधवार, ४ नोव्हेंबर

पार्किन केलं. ओटचं पीठ, काकवी, आलं. हा केक आठवडाभर डब्यात राहिला की चिकट होतो, मग त्याला खरी चव येते. डोरीन ॲक्रॉइड आलीच तर असावा.

मागच्या दाराची कडी काढून ठेवली. आमच्या गल्लीत डोकावणारं माणूस मागच्या दारानेच येतं. पुढचं दार डॉक्टरचं, पाद्र्याचं आणि शवपेटीचं.

शनिवार, ७ नोव्हेंबर

चौतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. या एका क्रियापदावर कधी थांबले नाही – 'पॉप', म्हणजे पटकन, सहज काही करणं. इस्पितळात सगळं त्यानेच चालायचं. जरा पलंगावर पॉप व्हा. ही सुई पॉप करते हं. शेजारच्या पलंगावरच्या बाईचा पाय कापायचा होता. डॉक्टर तिला म्हणाले, उद्या सकाळी आपण जरा खाली पॉप होऊन येऊ. जसं काही कोपऱ्यावरून पाव आणायचाय! तिने हसून मान हलवली.

इस्पितळातून घरी आले तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, 'पॉप इन' करू. म्हणजे येता-जाता डोकावू. या शब्दाला वजन नाही. येणाऱ्यावर ओझं नाही, घरातल्यावर उपकार नाहीत. म्हणून तर तो सगळ्यांच्या तोंडी बसलाय. त्यात दिवस नसतो, वेळ नसते. वाट पाहण्याची सोयही नसते.

तरी मी वाट पाहते. दोन कप ओट्यावर काढलेले.

सोमवार, ९ नोव्हेंबर

कुणी नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

काठी घेऊन गल्लीत गेले, कचऱ्याच्या डब्यापर्यंत. तिथे डोरीन भेटली. एकोणीस वर्षं आमची स्वयंपाकघरं एकमेकींकडे तोंड करून आहेत. केसांना रोलर, पायांत मेलेल्या नवऱ्याचे बूट.

"अगंबाई! बाई, तुम्ही? मला वाटलं, तुम्हाला मोडीत काढलं!"

"गिऱ्हाईक मिळालं नाही अजून."

हसली. मग खोकली, बराच वेळ. डब्याला धरून उभी राहिली. "येते एकदा पॉप इन करायला. तुमच्या पार्किनचा वास थेट माझ्या चुलीपर्यंत आला, हो. शिक्षाच ती! आणि तुम्हीही या की. माझ्या दाराला कडी नसते."

आणि मी विचारलं, "कधी?"

"काय कधी?"

"कधी याल? कोणत्या दिवशी?"

तिचं हसू तसंच राहिलं, त्यामागचं माणूस निघून गेलं.

"येईन हो कधीही. वारबीर कसला ठरवायचा त्यात? मी काय कोळसेवाला आहे?" डब्याचं झाकण आपटून आत गेली.

असं कुणी विचारत नाही. मला माहीत आहे! सबंध आयुष्यात मी कुणाला विचारलं नव्हतं. दिवस विचारला की ते डोकावणं राहत नाही, मागणं होतं. एकोणीस वर्षांची शेजारीण मी एका शब्दाने घालवली.

रविवार, १५ नोव्हेंबर

क्लाइव्हचा फोन.

"मिसेस ॲक्रॉइड येतात ना, आत्या?"

"रोज."

"छान. त्यांच्याशी एकदा बोलू का मी?"

"नको. संकोचतील त्या."

बुधवार, १८ नोव्हेंबर

आपणच जावं तिच्याकडे? तिचं दार वीस पावलांवर आहे. काठीने चाळीस. कडीला हात लावला आणि परत फिरले. तिला वाटेल, ही आता वसुलीला आली. शिवाय 'तुम्हीही या' म्हणाली ते म्हणायचं म्हणून. त्या शब्दाचं उत्तर त्याच शब्दाने देतात.

शनिवार, २१ नोव्हेंबर

पार्किनचा शेवटचा तुकडा आज खाल्ला. बाकीचं सगळंही मीच खाल्लं होतं. चव उत्तम होती.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

नर्स. प्रश्न. "रोज." खूण.

डोरीनच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा जळतोय. विजेच्या बिलावरून सगळ्या गल्लीला सुनावणारी बाई!

बुधवार, २५ नोव्हेंबर

दिवा तसाच. हल शहरात मुलीकडे गेली असेल, विसरून राहिला. मला सांगून थोडीच जाईल आता?

सकाळभर खिडकीत बसून होते. क्लाइव्ह यायला सहा दिवस. त्याला काय दाखवू? दुसरा कप कधी वापरलेलाच नाही, हे त्याला दिसेल का?

गुरुवार, २६ नोव्हेंबर

दिवा.

दोनदा कोट घातला. दोनदा काढला. तिला वाटेल मी पाळत ठेवते.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

कोळसेवाला शुक्रवारी येतो. हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानेच तिचं मागचं दार ढकललं. कडी नव्हती.

मग रुग्णवाहिका आली. घाई नव्हती त्यांना. संध्याकाळी कुणीतरी तो दिवा बंद केला.

शनिवार, २८ नोव्हेंबर

पुढच्या दाराची घंटा वाजली. डोरीनची मुलगी, शेरिल. हातात आईची पर्स. बसली नाही.

"बाई, तुमचे आभार मानायचे होते. आई दर रविवारी फोनवर सांगायची – गल्लीपलीकडच्या बाई रोज डोकावतात, तू कशाला धावत येतेस? म्हणून मी निर्धास्त होते."

मी काठी दाराला टेकवली.

"पडल्यावर लगेच नाही गेली ती. डॉक्टर म्हणतात, एक दिवस तरी. कदाचित दोन." तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही शेवटचं कधी डोकावलात, बाई? कोणत्या दिवशी?"