भीती कुठल्या ओळीत होती

सुभानपुरा, मंगळवार, संध्याकाळ

दिवाळी अंकासाठी लिहिलेली भुताची गोष्ट आज तरसालीला राहणाऱ्या मुलीला फोनवर वाचून दाखवली. मुग्धा कॉलेजात साहित्य शिकवते. तिने स्पष्टच सांगितलं, "बाबा, करकरणारं दार, रडणारी कुत्री, अंधाराला दिलेल्या उपमा... सगळं आहे, पण भीती वाटत नाही. वाटली ती एकाच ठिकाणी. तो माणूस कुलूप उघडून 'आलो गं' म्हणतो आणि पुढे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, तिथे."

ती ओळ मी ठरवून लिहिलीच नव्हती.

मग तिने इथल्या गुजराती वळणाने विचारलं, "तुम्ही घरी आल्यावर असं म्हणता? खरं सांगा ने."

"छे! गोष्टीतलं आहे ते," म्हणालो आणि फोन ठेवला.

खोटं कशाला बोललो? तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. आजही दूध घेऊन आलो तेव्हा 'आलो गं' म्हणालोच की.

अर्धा तास गोष्टीतली कुत्री खोडत बसलो. मग पुन्हा फोन लावला. "म्हणतो. रोज म्हणतो."

ती म्हणाली, "शनिवारी राहायलाच येते."

एरवी मी 'कशाला उगाच धावपळ' म्हणतो. आज म्हटलं नाही.